आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

दक्षिण कोकणात आणि गोव्यात काजूची बोंडे पिकू लागली की रानातल्या मजुरीचे दिवस सुरू होतात. पालापाचोळा तुडवीत बिया वेचाव्यात, येता येता लाकूडफाटा गोळा करावा, गुरे रानात सोडावीत, हा क्रम तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. २०१५-१६ सालापासून मात्र या क्रमात एक धास्ती येऊन मिसळली आहे. त्याच हंगामात आणि त्याच रानात एक विचित्र ज्वर माणसाला गाठू लागला आहे. शास्त्रज्ञ त्यास ‘क्यासनूर अरण्यज्वर’ म्हणतात. दोडामार्ग-बांद्याच्या बाजूस त्याला ‘माकडताप’ असे नाव पडले आहे. रोग विरळा आहे, यात शंका नाही. मुंबई-पुण्याच्या पुष्कळशा वाचकांनी त्याचे नावही ऐकले नसेल. परंतु विरळा रोग ज्याच्या घरात शिरतो त्याच्या घरी तो विरळा राहत नाही. ऐन कमाईच्या महिन्यांत तो घरचा कमावता हात अंथरुणाला खिळवतो, आणि शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच जणांना, कधी त्याहूनही अधिक जणांना, तो घेऊनच जातो.

या रोगाचा बाऊ करून वाचकांस घाबरवावे असा आमचा हेतू नाही. हा ताप एका माणसापासून दुसऱ्यास होत असल्याचे आढळलेले नाही. तेव्हा शहरात त्याची साथ येईल असे भय बाळगण्याचे कारण नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते वेगळ्याच गोष्टीविषयी. रुग्णाच्या रक्ताच्या काही थेंबांतून या विषाणूचे जनुकद्रव्य शोधून काढण्याची आणि काही तासांत रोगाचे नाव सांगण्याची विद्या आपल्या देशात आहे. तिचे माहेरघर पुण्यातच आहे. रोग सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. या दोहोंमध्ये जे अंतर आहे, ते मैलांचे कमी आणि व्यवस्थेचे अधिक आहे. निदानाचे मोल जितके त्याच्या अचूकपणात, तितकेच ते वेळेवर हाती येण्यात असते. रोगी बरा होऊन कामावर गेल्यावर किंवा त्याचे दिवसकार्य उरकल्यावर आलेले बिनचूक उत्तर दप्तरात लावून ठेवण्यास उपयोगी पडेल. रोग्यास त्याचा उपयोग काय?

या रोगाचा इतिहासच मुळी निदानाचे महत्त्व पटविणारा आहे. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या अरण्यात, माकडे एकामागून एक मरून पडू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसे तापाने फणफणू लागली. माकडांचे मृत्यू आणि माणसांचा ताप ही जोडगोळी पाहताच जाणकारांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या खंडांत ज्याने हाहाकार उडविला, तो पीतज्वर आपल्या देशात कधीच आला नव्हता. तो वाहून नेणारा डास मात्र येथे मुबलक होता, आणि लोकांच्या अंगी त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. तो खरोखरच आला असता तर केवढा अनर्थ ओढवला असता, याची कल्पना करवत नाही.

सुदैवाने त्याआधी पाचच वर्षे, १९५२ साली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ स्थापन झाले होते. हीच ती संस्था, जी १९७८ पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. डॉ. टेलफोर्ड वर्क, डॉ. हेरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी त्या रानात तळ ठोकला. त्यांनी मेलेल्या माकडांच्या अवयवांतून आणि रुग्णांच्या रक्तातून विषाणू वेगळा काढला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियातील अरण्यांत गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे नाते होते. परंतु तो स्वतः अगदी नवा होता. हे नाव निश्चित झाले आणि लढाईची दिशाच बदलली. पीतज्वर समजून डासांमागे धावत राहिले असते, तर ‘आजार रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी गत झाली असती. शत्रू डास नसून गोचीड आहे, हे कळले ते निदानामुळेच.

या ठिकाणी माकडाविषयीही दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. ‘माकडताप’ या नावामुळे सारा दोष माकडाच्या माथी बसतो. आणि आधीच बागायतीची नासधूस करतात म्हणून कोकणी माणसाचा माकडांवर राग असतो, त्यात या नावाने तेल ओतले जाते. वस्तुतः माकड हा या रोगाचा पहिला बळी आहे. विषाणू राहतो तो रानातले लहान प्राणी आणि गोचिडी यांच्या आश्रयाने. गोचिडीची अवघी टाचणीच्या टोकाएवढी पिल्ले माकडांना चावतात तशीच माणसालाही चावतात. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात, आणि ती जागा धोक्याची होऊन बसते. म्हणजे मेलेले माकड ही रानाने आपल्याला दिलेली आगाऊ सूचना होय. माकडे मारून रोग हटणार नाही. उलट सूचना देणारा तेवढा नाहीसा होईल.

पहिली ५० वर्षे हा रोग बहुतांशी शिमोगा आणि त्याच्या शेजारचे जिल्हे एवढ्यापुरताच माहीत होता. पुढे त्याचे पाऊल बाहेर पडल्याचे दिसून आले. २०१२-१३ मध्ये बंदीपूरच्या अरण्यात, त्यानंतर केरळच्या वायनाडात आणि तामिळनाडूच्या निलगिरीत त्याच्या खुणा सापडल्या. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील काजू-कामगारांत तो उघडकीस आला, आणि २०१६ साली सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात त्याचा मोठा उद्रेक झाला. तेथून तो पुढे बांद्याच्या परिसरात पोहोचला. हा विषाणू या रानात नव्याने आला, की पूर्वीपासून येथे होताच आणि आपण त्याला ओळखले नाही? या प्रश्नाचे उत्तर काहीही असो. त्यातून एक गोष्ट निर्विवादपणे निघते. ज्या रोगाची चाचणी होत नाही, तो रोग सरकारी कागदावर नसतो. कागदावर नाही म्हणून रानातही नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

आता या तापाचे स्वरूप पाहा. गोचीड चावल्यानंतर ३ ते ८ दिवसांनी एकाएकी कडकडून ताप भरतो. कपाळ फुटून जाईल असे वाटते. कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघतात. ओकाऱ्या, जुलाब होतात. डोळे लाल होतात. काहींच्या नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. एक-दोन आठवड्यांत बहुतेक रोगी सावरतात. परंतु १०-२० टक्के रुग्णांत मध्यंतरीच्या उसंतीनंतर ताप पुन्हा उलटतो आणि या वेळी तो मेंदूकडे वळतो. असह्य डोकेदुखी, हातापायांस कंप, भ्रम, दृष्टिदोष ही त्याची लक्षणे. ताप उतरला म्हणून घरी पाठविलेला रोगी दुसऱ्या फेरीस बळी पडण्याची भीती असते. ती ओळखावयाची तर पहिला ताप कशाचा होता, हे माहीत असले पाहिजे.

आणि ते लक्षणांवरून कळत नाही, हीच खरी अडचण आहे. कोकणात ताप काही एकच नाही. हिवताप आहे, डेंगी आहे, विषमज्वर आहे. चिखलात राबणाऱ्यांना होणारा लेप्टोस्पायरोसिस आहे. झुडपांतल्या किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस आहे. पहिल्या चार दिवसांत या साऱ्यांचा चेहरामोहरा सारखाच दिसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर कितीही अनुभवी असो, त्याने नुसत्या नाडीवरून आणि जिभेवरून यांतील नेमका ताप ओळखावा अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय होय. तेथे प्रयोगशाळेवाचून गत्यंतर नाही.

प्रयोगशाळेतही जुने मार्ग बिकट होते. रुग्णाचे रक्त उंदराच्या पिल्लांस टोचावयाचे, ती आजारी पडतात का याची वाट पाहावयाची, आणि मग त्यांच्या मेंदूतील विषाणूची ओळख पटवावयाची, यात दिवसच्या दिवस जात. शिवाय जिवंत विषाणू वाढविण्याचे हे काम जिवावरचे होते. प्रयोगशाळांत काम करणाऱ्या अनेकांना या रोगाची बाधा झाली. दुसरा मार्ग म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांचा शोध. शरीराने विषाणूविरुद्ध उभारलेले हे सैन्य सापडले म्हणजे शत्रू येऊन गेल्याचे कळते. हा मार्ग सुरक्षित खरा. परंतु सैन्य जमण्यास ४-५ दिवस लागतात, आणि त्याआधी घेतलेल्या रक्तात ते दिसत नाही.

जनुकीय चाचणीने ही कोंडी फोडली. या विषाणूचा सारा कुळाचार आरएनए नामक द्रव्यात सुमारे ११,००० अक्षरांत लिहिलेला असतो. त्या मजकुरातील एखादी ओळ अशी असते की ती या विषाणूखेरीज अन्यत्र आढळत नाही. रक्तात ती ओळ सापडली की चोर सापडला. परंतु थेंबभर रक्तात विषाणू असून असून किती असणार? म्हणून आधी आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतात. ही किमया करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली शोधले. मग त्या नकलेच्या प्रती काढतात. ही युक्ती कॅरी म्युलिस यांना १९८३ साली सुचली आणि तिच्यासाठी १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. द्रावण सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून डीएनएचे दोन पदर उकलावयाचे, थंड करून प्रत्येक पदरावर नवा पदर विणावयाचा, आणि हेच पुन्हा पुन्हा करावयाचे. एकाचे दोन, दोनाचे चार, असे ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे १०० कोटींहून अधिक तुकडे होतात. बुद्धिबळाच्या पटावर घराघरांतून दुप्पट धान्य मागणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. तोच हिशेब येथे रोग्याच्या कामी येतो. चाचणीच्या पहिल्या पायरीलाच विषाणू रसायनात विरघळून मरतो, त्यामुळे तपासनिसाचा धोकाही पुष्कळ उणावतो.

२०१२ साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने क्यासनूर अरण्यज्वरासाठी अशी जनुकीय चाचणी आणि तिच्या जोडीला प्रतिपिंडांची चाचणी, अशा दोन्ही सिद्ध केल्या. दोन्हींची गरज आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. तापाच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत विषाणू रक्तात असतो. तेव्हा जनुकीय चाचणी बोलते. पुढे विषाणू रक्तातून नाहीसा होत जातो. तेव्हा ती मुकी होते आणि प्रतिपिंडांची चाचणी बोलू लागते. तापाच्या पंधराव्या दिवशी जनुकीय चाचणी ‘नाही’ म्हणाली, म्हणून रोग नव्हता असे म्हणणे म्हणजे चोर पळून गेल्यावर रिकामे घर पाहून चोरी झालीच नाही असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय हे जनुकद्रव्य नाजूक असते. नमुना बर्फाविना उन्हातान्हातून एसटीच्या टपावरून गेला तर ते वाटेतच विरून जाते, आणि ‘नाही’ असे खोटे उत्तर येते. उलट, प्रती काढण्याच्या या यंत्रात दुसऱ्या नमुन्याचा कण जरी मिसळला तरी ‘होय’ असे खोटे उत्तर येऊ शकते. तेव्हा ही चाचणी अचूक आहे ती योग्य दिवशी, योग्य रीतीने आणि शिकलेल्या हातांनी केली तर. यंत्र विकत मिळते. या तीन अटी विकत मिळत नाहीत. त्यांची व्यवस्थाच लावावी लागते.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो घेणारे लोक अडाणी नसतात. ते विचारतात, या विषाणूवर रामबाण औषध नाही. मग नाव कळून तरी लाभ काय? ताप आहे, पाणी द्या, विश्रांती द्या, पुढचे दैवावर सोडा. आम्हांस हा युक्तिवाद सर्वस्वी अमान्य आहे. पहिली गोष्ट अशी की, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस यांवर औषध आहे, ते स्वस्त आहे, आणि ते वेळेवर द्यावे लागते. ‘हा माकडतापच’ अशी समजूत करून घेऊन त्या रोग्यांना नुसते झोपवून ठेवले, तर बरा होण्याजोगा माणूस हातचा जातो. माकडताप नाही हे कळणे देखील निदानच आहे. दुसरी गोष्ट अशी की, माकडताप आहे हे ठरले म्हणजे रक्तस्राव वाढविणाऱ्या वेदनाशामक गोळ्या टाळता येतात, शरीरातील पाण्याचे मान राखता येते, रक्ताची तजवीज ठेवता येते, आणि दुसऱ्या फेरीच्या तापासाठी रोग्यावर तीन-चार आठवडे नजर ठेवता येते. औषध नसले तरी उपचार असतात, आणि त्यांनी माणसे वाचतात.

तिसरी गोष्ट गावाची आहे. एका रोग्याचे निदान पक्के झाले की तो कोणत्या रानात गेला होता, हे विचारता येते. त्या रानात मेलेली माकडे शोधता येतात. त्या जागी कीटकनाशक भुकटी टाकता येते. आणि बाकीच्या मजुरांस गोचिडींना दूर ठेवणारे तेल अंगास लावावयास देऊन, शक्य तर तेवढा तुकडा काही दिवस वर्ज्य करता येतो. म्हणजे एका रक्ताच्या थेंबाने पन्नास माणसांचे रक्षण होते. निदान महिन्याने आले तर तोवर त्या पन्नासांतील काहीजण त्याच पाल्यात बसून बिया वेचत असतात.

नाव चुकले किंवा उशिरा कळले म्हणजे काय होते, याचे दाखले दुसऱ्या एका प्राणिजन्य विषाणूने जगाला दिले आहेत. १९९८ च्या अखेरीस मलेशियात डुकरे पाळणाऱ्यांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. तो जपानी मेंदूज्वर असावा असे समजून डासांवर फवारे उडविण्यात आले, लस टोचण्यात आली. आणि इकडे आजारी डुकरे एका गावाहून दुसऱ्या गावी जातच राहिली. १९९९ च्या मार्चमध्ये ‘निपाह’ हा नवा विषाणू ओळखला गेला तेव्हा कोठे योग्य उपाय सुरू झाले. तोवर पुष्कळ उशीर झाला होता. त्या साथीत मलेशियात १०० हून अधिक माणसे मेली. आपल्याकडे २००१ साली सिलिगुडीत अशीच साथ आली, रुग्णालयातच एकाकडून दुसऱ्याकडे पसरली, आणि नाव न कळताच ओसरली. तिचा कर्ता निपाह होता हे जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीवरून २००६ साली जगासमोर आले. याउलट मे २०१८ मध्ये केरळात तोच विषाणू पुन्हा प्रकटला, तेव्हा सावध डॉक्टरांनी शंका घेतली, मणिपाल आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी काही दिवसांतच नाव सांगितले, आणि संपर्कातील माणसे शोधून साथ थोडक्यात आवरता आली. विषाणू तोच, देश तोच. अंतर पडले ते वेळेवर मिळालेल्या नावाने.

माकडतापाच्या बाबतीत वेळेचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले आहे. मृत विषाणूपासून तयार केलेली जी लस अनेक वर्षे कर्नाटकात टोचली जात होती, तिचा प्रभाव अपुरा ठरत असल्याचे अभ्यासांनी दाखविले, आणि २०२२ साली तिचा वापर थांबला. ढाल हातची गेली तर माणसाने पहाऱ्यावर अधिक जागे राहावयाचे असते. आणि येथे पहारा म्हणजे दुसरे तिसरे काही नसून, वेळेवर होणारी चाचणी होय.

खर्चाचे रडगाणे कोणी गाऊ नये. जानेवारी २०२० मध्ये करोनाची चाचणी देशात पुण्याच्या त्याच एका संस्थेत होत होती. दोन-अडीच वर्षांच्या आत अशा चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांची संख्या ३,००० च्या वर गेली. जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रे आली, तंत्रज्ञ शिकले. क्षयरोगाच्या तपासणीसाठीही छोटी जनुकीय यंत्रे गावोगावच्या केंद्रांत पोहोचली. त्यांतील ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे यंत्र बनविणारी कंपनी तर गोव्याचीच. आणि त्याच यंत्रावर माकडतापाची चाचणी बसवून पुण्याच्या संस्थेने तिची परीक्षाही घेतली आहे. म्हणजे विद्या आहे, यंत्र आहे, माणसे आहेत. २०१६ च्या उद्रेकात सिंधुदुर्गाच्या रुग्णांचे रक्त मणिपालला आणि पुण्याला पाठवावे लागले, तेव्हा अडचण समजण्यासारखी होती. करोनाने एवढा धडा आणि एवढी सामग्री देऊन ठेवल्यावरही जर रोग एका टोकाला आणि चाचणी दुसऱ्या टोकाला राहणार असेल, तर ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ यावाचून त्यास दुसरे नाव नाही.

यास्तव आमच्या मागण्या स्पष्ट आहेत आणि त्या अवास्तव नाहीत. डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा येथे माकडतापाची जनुकीय चाचणी जिल्ह्याच्या आतच झाली पाहिजे आणि तिचे उत्तर २४ तासांत डॉक्टरच्या हाती पडले पाहिजे. जेथे ही सोय असेल तेथे ती हंगामभर अखंड चालावी, आणि रसायने संपली या सबबीवर एक दिवसही बंद राहू नये. जेथे नसेल तेथे ती पुढच्या हंगामाआधी उभी राहावी. रानात गेलेल्या तापकऱ्याचे रक्त पहिल्या आठवड्यातच घेतले जावे, ते बर्फात ठेवून न्यावे, आणि जनुकीय चाचणीचे उत्तर ‘नाही’ आल्यास प्रतिपिंडांची चाचणी आपोआप व्हावी. पुण्याच्या संस्थेने खातरजमेचे, गुणवत्ता तपासण्याचे आणि तंत्रज्ञ शिकविण्याचे काम करावे. प्रत्येक नमुन्याची हमाली तिच्या माथी मारू नये. आणि उत्तर काहीही येवो, ते रोग्याला त्याच्या भाषेत सांगितले जावे. ज्याचे रक्त घेतले त्यालाच निकाल कळू नये, हा प्रकार सर्वस्वी अशोभनीय आहे.

चौथी मागणी वनखात्याशी आणि पशुसंवर्धन खात्याशी निगडित आहे. माकड मेल्याची वर्दी देणाऱ्या गावकऱ्याला तीन कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागू नयेत. वर्दी एका ठिकाणी द्यावी, नमुना एकाने घ्यावा, निकाल तिन्ही खात्यांना त्याच दिवशी कळावा. तिलारीचे खोरे, सत्तरीचे रान आणि बेळगावकडचा घाट हे नकाशावर तीन राज्यांत विभागलेले आहेत. गोचिडीला तो नकाशा वाचता येत नाही. दोडामार्गात माकड मेले तर त्याची बातमी सत्तरीच्या आरोग्य केंद्रास दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळावी, ही तिन्ही सरकारांस भूषणावह गोष्ट नव्हे. सीमेचे वाद जेथे लढावयाचे तेथे अवश्य लढावेत. रोग्याच्या रक्ताच्या नळीवर ते लढू नयेत.

आमचा वाचक बहुधा शहरात राहतो. काजूगर त्याच्या ताटात येतात ते स्वच्छ सोललेले, पुड्यात बांधलेले. ते ज्यांच्या हातांनी वेचले गेले, त्यांची संघटना नाही, त्यांना विधिमंडळात आवाज नाही, आणि तापात गेलेल्या दिवसांची मजुरी त्यांना कोणी भरून देत नाही. विरळा रोगाचे दुर्दैव हेच की त्याच्या रोग्यांचा मोर्चा निघत नाही. म्हणूनच त्यांचे गाऱ्हाणे इतरांनी मांडावे लागते. ज्या नगरीत बसून शास्त्रज्ञांनी १९५७ साली या विषाणूला हुडकून काढले, त्या पुण्याच्या कीर्तीला हे शोभणारे नाही की त्या शोधाचे फळ दोडामार्गच्या मजुराला ताप उतरल्यावर मिळावे. काजूला मोहोर फुटण्याआधी सरकारने ही व्यवस्था लावावी. मोहोर कोणासाठी थांबत नाही, आणि तापही थांबणार नाही.